उटण्याची दुसरी पुडी

निवेदिताला तंद्री लागायची. भाजी चिरताना, बँकेच्या रांगेत, कुणी बोलत असताना मध्येच, कुठेही. तिचा नवरा चंद्रशेखर बहारीनच्या मीना सलमान बंदरातल्या एका वर्कशॉपमध्ये इंजिनियर होता. बंद पडलेलं यंत्र त्याला पाच मिनिटं सहन होत नसे, पण बायको अधूनमधून बंद पडते याची त्याने सवय करून घेतली होती. "आलीस का परत?" एवढंच तो विचारायचा आणि पेपरचं पान उलटायचा.

खरं सांगायचं तर या तंद्रीवरच तिची नोकरी चालली होती. मनामातल्या एका इंग्रजी शाळेत ती काऊन्सेलर होती. पुण्याहून मानसशास्त्रात एम.ए. करून, दोन वर्षं मुलांच्या दवाखान्यात काम करून एकोणनव्वद साली ती नवऱ्यामागे बहारीनला आली. शाळेने तिला जी खोली दिली, तिथे आधी खडू आणि फाटके नकाशे ठेवत. एक खिडकी, बाहेर एक खजुराचं झाड आणि एसीची न संपणारी घरघर. दुपारी समुद्रावरची धूसर हवा आत यायची आणि उजेड दुधासारखा पांढुरका व्हायचा. मुलं येऊन सतरंजीवर बसत. निवेदिता घाई करत नसे, खिडकीबाहेर बघत बसायची, आणि घाई न करणाऱ्या माणसापाशी मुलं आपोआप बोलू लागत. एखादं मूल तिथेच झोपी जायचं. ती झोपू द्यायची.

ती स्वतः सावळी होती. पुण्यात तिच्याबद्दल बोलताना सगळे एकच वाक्य म्हणत: "पोरगी हुशार आहे, नाकीडोळी नीटस आहे, पण..." त्या 'पण'पायी सात स्थळं आली तशी पोहे खाऊन गेली. आठवा चंद्रशेखर. तो गोरा, घाऱ्या डोळ्यांचा. "नशीब काढलंस हो!" असं सगळ्या माम्या-मावश्यांनी तिला इतक्यांदा ऐकवलं की शेवटी तिलाही ते पटलं. मुलगी झाली लीना, ती बापाच्या वळणावर गेली. मग तर बोलायलाच नको.

ही गोष्ट चौऱ्याण्णव सालची. लीना तिसरीत होती आणि तिच्या वर्गात रिहाब नावाची सुदानी मुलगी होती. उंच, काळीभोर, केसांच्या बारीक वेण्या घातलेली. बाप विमानतळावर नोकरीला, आई टायपिस्ट, घर अरादला. वर्गशिक्षिकेने तिला चिठ्ठी देऊन निवेदिताकडे पाठवलं. चिठ्ठीत लिहिलं होतं: 'फार लाजाळू. आत्मविश्वास वाढवावा.'

निवेदिताने वाढवायला घेतला. चार बैठका झाल्या. रिहाब सतरंजीवर गुडघे जवळ घेऊन बसायची, शर्टाच्या लांब बाह्या बोटांपर्यंत ओढून घ्यायची. निवेदिता तिला मऊ आवाजात सांगायची, "रंगात काय आहे बेटा, आतून आपण सगळे सारखेच." रिहाब म्हणायची, "येस मिस." फाईलमध्ये निवेदिताने लिहिलं: 'सुधारणा दिसते.' एकदा खिडकीतून तिला मैदानावरचं रिंगण दिसलं. रिहाबच्या दोन्ही बाजूंची मुलं आपली बाही पंज्यावर ओढून मगच तिचा हात धरत होती. काहीतरी नवा खेळ असेल, असं वाटून निवेदिता पुन्हा खजुराकडे बघू लागली. तंद्री अशीही असते, सोयीची.

तिथे आठवड्याची सुट्टी गुरुवार-शुक्रवारची, आणि त्या वर्षी दिवाळी नेमकी गुरुवारी आली. उम्म अल हस्सम भागातल्या त्यांच्या फ्लॅटवर लीनाच्या मैत्रिणी फराळाला जमल्या. चार जणी होत्या, त्यांत रिहाबही. निवेदिताच्या आईने कुणाच्या तरी सामानातून उटण्याच्या पुड्या पाठवल्या होत्या. आंबेहळद, चंदन, नागरमोथा, संत्र्याची साल, सगळं घरी कुटलेलं. जाताना प्रत्येकीला चकल्यांची एक पिशवी आणि एक पुडी द्यायची, असं ठरलं होतं. कढईत चकल्यांचा शेवटचा घाणा होता, तेल तापून धुरावलं होतं, आणि दारात चौघी पुड्या हुंगत उभ्या होत्या.

"आंटी, हे कशासाठी?" एकीने विचारलं.

"हे लावून अंघोळ करायची," झाऱ्याने चकली उलटत, मागे न बघता निवेदिता इंग्रजीत म्हणाली, "की मुली मस्त गोऱ्यापान होतात."

झालं. एवढंच. आपल्याकडे कोण म्हणत नाही हे? आई म्हणते, आजी म्हणते, पुडीवर छापलेलंही असतं. चकल्या मात्र त्या दिवशी छान खुसखुशीत झाल्या.

शनिवारी शाळा उघडली तर रिहाब आली नव्हती. रविवारी नाही, सोमवारी नाही. ऑफिसात निरोप होता की त्वचेचा त्रास आहे. आठवडा गेला. शुक्रवारी दुपारी जेवणं झाली होती, चंद्रशेखर आडवा झाला होता, पडद्यातून येणारं ऊन फरशीवर हलत होतं आणि निवेदिता त्या हलण्याकडे बघत कुठल्या कुठे निघाली होती. फोन वाजला. लीनाने घेतला. बराच वेळ ती हं हं करत होती, मग रिसीव्हरवर हात ठेवून तिने हाक मारली.

"मम्मा, रिहाबला आणखी एक पॅकेट हवंय. शी सेज द फर्स्ट वन डिडन्ट वर्क."

निवेदिता उठून बसली. आधी तिला कळेचना. मग कळलं. तिला स्वतःची मावशी आठवली. दर रविवारी मसुराचं पीठ आणि साय घेऊन मोरीच्या दाराशी बसायची आणि तिची कोपरं अशी घासायची की डोळ्यांत पाणी यायचं. "सोस गं थोडं, तुझ्याच भल्याचं आहे." मावशी फार प्रेमळ होती, हेच तर वाईट.

चंद्रशेखरने सगळं ऐकून घेतलं. "अगं, तू काय मुद्दाम केलंस? आपली बोलण्याची पद्धत ती. फोन करून चौकशी कर, खलास. घरी जाऊन कबुली वगैरे कशाला? शाळेला कळलं तर काऊन्सेलर म्हणून ठेवतील का तुला? विकतचं दुखणं आहे हे."

"कुंपणानेच शेत खाल्लंय रे," ती म्हणाली. "मी नाही गेले तर ती पोरगी घासतच राहील. आणि माझ्यावर विश्वास ठेवून घासेल."

 तो उठला आणि गाडीची किल्ली घेतली.

अरादच्या किनाऱ्यावर ओहोटी होती. पाणी इतकं मागे गेलं होतं की पार लांब चालणारी दोन माणसं पाण्यावरूनच चालल्यासारखी दिसत होती. तिथल्या जुन्या किल्ल्याची भिंत, आभाळ आणि चिखल, सगळ्यांचा एकच फिकट रंग झाला होता. एरवी अशा जागी निवेदिता तासभर हरवली असती. आज ती तंद्रीची वाट बघत राहिली आणि ती येईना. चंद्रशेखर गाडीत थांबला, ती एकटी जिना चढली.

दार रिहाबच्या आईने उघडलं. इज्लाल तिचं नाव. साडीसारखं लांबलचक वस्त्र अंगभर गुंडाळलेलं, उंच, थकलेली. आत गादीवर रिहाब झोपली होती. दोन्ही कोपरांवर, मानेवर पांढरं मलम होतं, आणि मलमाखाली कातडं सोलवटलेलं दिसत होतं.

"पावडर संपल्यावर तिने भांड्यांची घासणी घेतली," इज्लाल म्हणाली. "का, ते सांगत नाही. नुसती रडते. तुम्ही तिच्याशी बोलता ना शाळेत? तुम्हाला काही सांगितलंय का तिने?"

सुटायची वाट समोर उघडी होती. 'बघते मी, बोलते तिच्याशी' म्हटलं असतं तरी चाललं असतं. 

"पावडर मी दिली," ती म्हणाली. "याने गोरं होतं, असं मीच म्हणाले. ती दारात उभी होती हे मला ठाऊक होतं, तरी म्हणाले."

इज्लाल उठून आत गेली. आता चप्पल घालायला सांगणार, असं निवेदिताला वाटलं. पण इज्लाल झाकणाची एक काचेची बरणी घेऊन आली. झाकण उघडलं तसा चंदनाचा, लवंगेचा आणि धुराचा घमघमाट सुटला. तिने तपकिरी लगद्याचा एक गोळा काढून निवेदिताच्या मनगटावर चोळायला सुरुवात केली. हात जड होता, राग त्या हातात होता.

"दिल्का म्हणतात. जोंधळ्याचं पीठ. सुगंधी धुरावर धरून ठेवायचं. माझी आई पाठवते खार्तूमहून."

"माझीही आई पाठवते," निवेदिता म्हणाली. मग तिने विचारलं, "हे लावून काय होतं?"

"काय होतं म्हणजे?" इज्लाल थांबली. "वास येतो. कातडी मऊ होते. आणखी काय व्हायला हवं?"

 निवेदिताने मान खाली घातली आणि ती रडली. शिकलीसवरलेली, लोकांच्या मुलांचे डोळे पुसणारी बाई परक्या घरात हमसून हमसून रडली. इज्लालने तिला रडू दिलं, पण समजूत घातली नाही.

"मला माफी नको," शेवटी इज्लाल म्हणाली. "ती उठली की तिला सांगा. आणि तिलाही काही विचारा. तुम्ही सगळे तिला फक्त सांगताच."

रिहाब उठली. निवेदिता गादीशेजारी जमिनीवर बसली आणि जे खरं होतं ते सांगितलं. त्या पावडरीने कुणी गोरं होत नाही. व्हायची गरजही नाही. मी खोटं बोलले, आणि आधी 'रंगात काय आहे' म्हणाले तेव्हाही बोलले, कारण शाळेत रंगावरूनच सगळं चाललंय हे मला दिसायला हवं होतं. "लहानपणी मलाही काळी म्हणायचे," तिने शेवटी जोडलं.

रिहाबने तिच्याकडे नीट पाहून घेतलं. "पण मिस, तुम्ही कुठे काळ्या आहात?"

चांगली जिरली.  मग निवेदिताने पहिल्यांदा विचारलं, "शाळेत काय होतं, सांगशील?"

आणि पोरगी बोलली. चार बैठकांत जी दोन शब्दांपलीकडे गेली नव्हती, ती पाऊण तास बोलली. डब्यातलं कुणी खात नाही. नाटकात तिला नेहमी राक्षस करतात आणि टीचरही हसतात. हिंदीत काय म्हणतात, अरबीत काय म्हणतात, ते दोन्ही शब्द तिने हळूच म्हणून दाखवले. रिंगणात बाही ओढून हात धरतात, कारण रंग लागेल.

"कोण कोण ओढतं?"

रिहाबने आईकडे पाहिलं, मग भिंतीकडे. "सगळे. लीना पण. पण लीना नंतर सॉरी म्हणते."

खाली मशिदीतून अजान सुरू झाली. 

"मी येईन शाळेत," अजान संपल्यावर रिहाब म्हणाली. "पण तुम्ही सगळ्यांना सांगा, पावडर खोटी होती. नाहीतर ते म्हणतील, हिचं धुऊनसुद्धा निघालं नाही."

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकेने निवेदिताचं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "लेखी तक्रार आहे का? नाही ना? मग कशाला उकरायचं? आपल्या शाळेत असलं काही नाही." जूनमध्ये करार वाढवायचा की नाही याचाही विचार होईल, असंही त्या गोडीत म्हणाल्या. पुढे जूनमध्ये तो वाढला नाही हेही इथेच सांगून टाकतो. त्याचं निवेदिताला वाईट वाटलं, पण पश्चात्ताप झाला नाही.

तिसऱ्या तासाला ती तिसरीच्या वर्गात शिरली. बत्तीस मुलं, दुसऱ्या बाकावर लीना, खिडकीशी रिहाब. आतापर्यंत रडणारं मूल तिच्या खोलीत यायचं. रडवणाऱ्यांच्या वर्गात ती पहिल्यांदाच येत होती. तिने आधी स्वतःचं सांगितलं, काही न वगळता. मग म्हणाली, "एखाद्याला त्याच्या रंगावरून कमी लेखणं याला वर्णभेद म्हणतात. तो रिहाबमध्ये नाही. तो माझ्यात होता, तुमच्यात आहे. बाही ओढणं आजपासून बंद. आणि कुणी ओढलीच, तर रिहाबने गप्प बसायचं नाही, माझ्याकडे यायचं, मी त्या मुलाला बोलावीन. रिहाबला नाही." मागे बसलेल्या वर्गशिक्षिका वह्या आवरू लागल्या. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. रिहाबने पुस्तक काढून धडा उघडला. खोलीत परत येऊन निवेदिताने फाईलला जोडलेल्या चिठ्ठीतला 'लाजाळू' खोडला आणि फाईलमध्ये जे जे ऐकलं होतं ते तारखेसकट लिहिलं.

 घरी येऊन लीना जेवली. दुपारी ती आईच्या शेजारी येऊन पडली. पंख्याची सावली छतावर फिरत होती, बाहेर कुठेतरी नळ गळत होता, आणि ती झोपली असं वाटत असतानाच तिने विचारलं, "मम्मा, इफ आय वॉज युअर कलर, वुड यू बी सॅड?"

'छे गं, वेडी की काय' हे निवेदिताच्या ओठांवर तयार होतं. पण तिला लीनाचा जन्म आठवला. बाळ तासाभराचंही नव्हतं तेव्हा तिने टोपडं सारून त्याच्या कानाच्या पाळ्या पाहिल्या होत्या. जन्मतः मूल गुलाबीच असतं, पुढचा रंग कानांवर कळतो म्हणतात. पाळ्या गोऱ्या होत्या. तिने सुटकेचा श्वास टाकला होता. बाळाचे डोळे तिने त्यानंतर पाहिले.

"हो," ती म्हणाली. "तेव्हा वाटलं असतं वाईट. माझं चुकलं असतं, पण वाटलं असतं."

 लीना कुशीवर वळली, मग उठून आपल्या खोलीत गेली. निवेदिता क्षणभर छताकडे बघत राहिली, आणि मग उठून तिच्यामागे गेली.