गुलाबी ज्वारी

कबुतरांच्या मेंदूत भीती कुठे बसते आणि तिथून उठते कशी, हा माझ्या संशोधनाचा विषय. लग्नाकार्यात हे सांगितलं की समोरचा माणूस विचारतो, "बरं, पण नोकरी कुठं करता?"

प्रयोगशाळेतल्या कबुतरांना भिण्यासारखं फारसं काही उरलेलं नसतं. मला मोकळी कबुतरं हवी होती. ती नवीन जालन्यात एका आडत दुकानाच्या गच्चीवर सापडली. मालक राजस्थानातून आलेल्या घराण्यातले, चार पिढ्या इथलेच. शेठजी रोज सकाळी गच्चीवर ज्वारी टाकायचे, आणि पाखरांनी दाणा टिपल्याशिवाय चहाला हात लावायचे नाहीत. रोज तीच वेळ, तीच जागा. इतका शिस्तीचा सहकारी मला विद्यापीठात कधी मिळाला नाही. तीन महिने मी तिथे बसून वह्या भरल्या. आता खरा प्रयोग उरला होता: ज्वारीचा रंग बदलायचा, आणि अनोळखी रंगाची भीती किती वेळात मोडते ते मोजायचं.

बुंदीत घालतात तो रंग आणला. ज्वारी रंगवली, वाळवली. सुरेख गुलाबी झाली. शेठजींना एवढंच म्हणालो, "उद्याचा दाणा माझ्याकडून."

सकाळी शेठजी पूजेला बसलेले असताना मी दाणा टाकला. कबुतरं उतरली, माना वाकड्या करून बघितलं आणि कठड्यावर जाऊन बसली. एकानेही चोच लावली नाही. मी खुशीत घड्याळ लावलं. आठ वाजले, नऊ वाजले. माझा आलेख देखणा होत चालला होता. तेवढ्यात शेठजी वर आले, बिनचहाचे, चेहरा उतरलेला. त्यांनी खाली बघितलं आणि ओरडले, "मुनीमजी, जल्दी वर या! औषधाचं बियाणं टाकलं यांनी!"

मुनीम धापा टाकत आले. "सर, पाखरं मारून राह्यले का तुम्ही?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पेरणीच्या बियाण्याला किडीचं औषध चोळतात, आणि कुणी चुकून खाऊ नये म्हणून त्याला गुलाबी रंग देतात. गुलाबी दाणा म्हणजे विष, हे जालन्यात शेंबड्या पोरालाही कळतं. मी तर जालन्याचाच. वडील जन्मभर बियाण्याच्या गोदामात पोती शिवत होते; ते घरी आले की आई आधी साबण पुढे करायची, मग पाणी. एवढे रंग होते जगात. मी हा निवडला.

"शेठजी, मिठाईचा रंग आहे हो. बिलकुल विष नाही."

"मंग खा."

"मी?"

"एक मूठ खा. खाल्ली तर तुमचं काम चालू. न्हाई तर वही उचला, पुन्हा ही गच्ची चढू नका."

तीन महिन्यांचं काम एका मुठीवर आलं. मी मूठ उचलली. तोंडापासून चार बोटांवर ती थांबली. रंग मीच आणला होता, मीच कालवला होता. मेंदूला सगळं ठाऊक होतं, हात ऐकेना.

"भेता का?" शेठजींनी विचारलं.

"भीत नाही. थांबलोय."

"कबुतरंबी थांबलेच आहेत," मुनीम म्हणाले. त्यांनी चिमूटभर दाणे उचलून हुंगले. "शेठजी, औषधाचा वास न्हाई याला. केवड्याचा येऊन राह्यला." आणि उरलेल्या चार दातांनी ते दाणे चावू लागले. "ज्वारीच आहे."

मी माझ्या मुठीकडे बघतच होतो. फडफड ऐकून मान वळवली तर गच्ची भरलेली, आणि गुलाबी दाणा निम्मा संपलेला. पहिली चोच कुणी मारली, किती वाजता मारली, काही कळलं नाही. ज्या क्षणासाठी तीन महिने बसलो, त्या क्षणाला माझी पाठ होती.

शेठजींनी कबुतरांना हात जोडले आणि जिन्यातून खाली आवाज दिला, "चहा पाठवा. दोनच."

"दोन? आपण तिघं आहोत," मी म्हणालो.

"सरांनी अजून दाणा टिपला न्हाई ना."

मी डोळे मिटले आणि मूठ तोंडात रिकामी केली. तिसरा कप आला. तो घेण्याआधी मी खाली जाऊन साबणाने दोनदा हात धुवून आलो.