आगीला भिणाऱ्या सासूबाई

रिक्षा खाली येऊन उभी होती. सुधीर, माझा नवरा, आईंना धरून दाराबाहेर नेत होता आणि मी कुलूप शोधत होते. छातीत कळा येत होत्या, तरी आमच्या सासूबाई उंबऱ्यावर थांबल्या आणि मागे वळून म्हणाल्या, "ज्वाला, गॅस बंद केलास?" मी म्हटलं, "केला, आई. तुम्ही चला." "सिलिंडरवरून?" "सिलिंडरवरून." मग कुठे त्या जिना उतरल्या... त्या परत घरी आल्या नाहीत. याला आता दीड महिना होईल. जाताना माणसं देवाचं नाव घेतात म्हणे. आमच्या आईंनी गॅसचं घेतलं, आणि माझं. गॅसचं घरात कुणालाच नवल वाटलं नाही, कारण तो त्यांचा रोजचाच जप होता. नवल होतं माझ्या नावाचं. ते त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकायला मला तीन वर्षं लागली होती.

आमचं लग्न नव्वदीच्या सुरुवातीला झालं, वसईतच. तांदळाच्या ताटात नवऱ्याने अंगठीने बायकोचं नवं नाव लिहायचं, ही आमच्याकडची रीत. आईंनी नाव आधीच ठरवलं होतं: शीतल. 'ज्वाला' घरात आणायची म्हणजे हाताने विस्तव पदरात घ्यायचा, असं त्यांचं म्हणणं. सुधीर आज्ञाधारक मुलगा. त्याने 'शीत'पर्यंत लिहिलं आणि मी ताट हलवलं. तांदूळ सपाट झाले. भटजी खाकरले, साखर वाटायला उठलेली मावससासू वाटी घेऊन तशीच उभी राहिली. मला वाटलं, झालं, पहिल्याच दिवशी वाजलं. आई ताट उचलून बाजूला ठेवत म्हणाल्या, "भुका लागल्या असतील सगळ्यांना. पानं घ्या."

त्यानंतर त्यांनी मला ना शीतल म्हटलं, ना ज्वाला. म्हणायच्या फक्त 'अगं'. सासऱ्यांना जन्मभर 'अहो' म्हणून झालं होतं, आता माझी पाळी. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू? माझं नाव माझ्या वडिलांनी हौसेने ठेवलेलं, आणि या घरात मी बिननावाची. एकदा तांदूळ निवडताना त्या आपणहून बोलल्या. लहानपणी, राजापूरकडे, त्यांच्या माहेरचा गोठा पेटला होता. गाय दावं तोडून सुटली, वासरू सुटलं नाही. त्या अंगणात उभ्या राहून बघत होत्या. एवढंच सांगून त्यांनी सूप पाखडायला घेतलं. ओट्याखाली सिलिंडरशेजारी पाण्याने भरलेली कळशी कशासाठी असते, हे मला त्या दिवशी कळलं. मी नावावरून भांडणं सोडून दिलं. नाव मात्र सोडलं नाही.

आई हट्टी होत्या, पण लबाड मुळीच नव्हत्या, आणि त्यामुळेच पुढची गंमत झाली. "शहाण्या घरात लेकरांना आगीची नावं ठेवत नाहीत. विचार कुणालाही," त्या एकदा म्हणाल्या. मी म्हटलं, "तुम्हीच विचारा की." आणि त्यांनी खरोखरच वसईभर विचारायला सुरुवात केली. गिरीजच्या वाडीतून केळी आणि भाजी घेऊन दारावर येणारी सेराफिना त्यांची लाडकी. पहिला प्रश्न तिला. "मला नाय माहीत मामी, फादरना विचारून सांगते," ती म्हणाली. दोन-चार दिवसांनी मी बँकेतून घरी आले, तर आई गंभीर चेहऱ्याने बसलेल्या.

"सेराफिना गेली," त्या म्हणाल्या.

मी पायातल्या चपलांसकट आत धावले. "कुठे गेली?"

"तुझ्या बाजूला. देवाच्या आसनापाशी जळणारे देवदूत असतात म्हणे, त्यांचं नाव आहे ते."

मग रांगच लागली. त्यांचे डोळे तपासणारे डॉक्टर इनास हसत म्हणाले की आपलं नाव मूळचं इग्नेशियस, आणि लोक त्याचं नातं लॅटिनमधल्या आगीशी जोडतात. स्टेशनजवळच्या बेकरीत गल्ल्यावर बसणारी इराणी बाई आझर. फारसीत आझर म्हणजे थेट आगच. "भट्टीपुढे बसते आणि वर नावही तेच," आई पाव पिशवीतून काढता काढता कुरकुरल्या. सोसायटीचे सेक्रेटरी, बंगाली अनलबाबू, यांना तर विचारायचीही सोय नव्हती, कारण अनल म्हणजे अग्नी, एवढं संस्कृत आईंना स्वतःलाच येत होतं. सुधीरच्या ऑफिसातला केनेथ जेवायला आला, तर त्यानेही सांगितलं की स्कॉटलंडकडच्या त्याच्या नावाचा एक अर्थ 'आगीतून जन्मलेला' असा लावतात. आईंनी त्याच्या पानात मुकाट्याने दुसरी पुरणपोळी वाढली. हरलेला डाव त्या कधी लपवायच्या नाहीत, दारातूनच सांगायच्या. जिंकलेला मात्र मिरवायच्या. "वॉचमनचं नाव शांताराम आहे," ताटावर बसत म्हणाल्या, "एक माझ्याकडे." आम्ही तिघंही घास थांबवून हसलो. हसल्या, तरी हाक मात्र 'अगं'च.

लग्नाला तीन वर्षं झाली त्या हिवाळ्यात सोसायटीची सहल राजोडीच्या समुद्रावर गेली. बायका सुरूच्या झाडांखाली भेळ कालवत बसल्या आणि मी शिंपले वेचत पार पुढे गेले. भरती लागली होती, माझ्या मागून पाणी वळसा घालत होतं, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. आईंनी पाहिलं. "अगं!" त्या ओरडल्या. किनाऱ्यावरच्या सगळ्या बायकांनी वळून पाहिलं, एक मी सोडून. पुन्हा "अगं!" पुन्हा तेच. आणि मग वाऱ्याला कापत माझ्या कानावर आलं, "ज्वालाऽऽ!"

वळून बघते तर आई गुडघाभर पाण्यात, लुगड्याचा ओचा हातात धरून माझ्याकडे येत होत्या. मी धावत परतले. त्यांनी माझं मनगट जे धरलं ते कोरड्या वाळूत पोचेपर्यंत सोडलं नाही. मी रडत होते, आणि ते भीतीने नव्हतं. "हाक ऐकू येत नाही का?" त्या रागावल्या. मी म्हटलं, "नावाने मारलीत की येते." त्या ओला ओचा पिळू लागल्या. परतीच्या बसमध्ये सगळ्यांसमोर म्हणाल्या, "ज्वाला, भेळेचा डबा घेतलास ना?"

पुढे आमची मुलगी झाली. नाव काय ठेवायचं यावर सुधीरने 'शीतल' म्हणून पाहिलं, चेष्टेत. आई म्हणाल्या, "छे. जळतंच ठेवा काहीतरी. या घराची रीत आहे." आणि शिखा हे नाव त्यांनीच सुचवलं. बारशाला सेराफिना आली, डॉक्टर इनास आले, आझरबाईंनी केक पाठवला. "आज सगळी आग माझ्याच घरी," आई कौतुकाने म्हणाल्या, आणि स्वयंपाकघरात जाऊन कळशी भरली आहे ना ते बघून आल्या.

परवा आम्ही तिघं बाजारात निघालो. सुधीर आणि शिखा जिन्यात उतरले होते. मी दार ओढलं आणि कुलूप हातात घेऊन तशीच उभी राहिले... कुणी काही विचारेना. मग पुन्हा आत गेले, ओट्याखाली वाकले. सिलिंडर बंद होता. शेजारची कळशी काठोकाठ भरलेली होती, आणि ती मी भरली नव्हती. "कळशी कुणी भरली?" मी दारात येऊन विचारलं.

"मी भरते रोज. आजीने सांगितलंय," शिखा खालून म्हणाली. मग हुबेहूब आजीच्या आवाजात तिने विचारलं, "ज्वाला, गॅस बंद केलास?"

"सिलिंडरवरून," मी म्हटलं, आणि कुलूप लावलं.