पास्कूने बंद केलेली पाच इंजिनं

रेजिनाचा फोन आला तेव्हा मी नवघरच्या बाजारात मेथीच्या जुड्या उलटसुलट करून भाजीवाल्याचं डोकं खात होतो. "मास्तर, पास्कू गेला," एवढंच ती म्हणाली. तिचा नवरा, माझा वीस वर्षांपासूनचा मित्र. माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. बरं झालं, केतकीच्या गाडीचं इंजिन त्याने गेल्याच आठवड्यात बांधून बंद केलं... असं आलं. केतकी माझी मुलगी. त्या विचाराची शिक्षा मी गेला दीड महिना भोगतोय.

पास्कू उत्तनचा. घरची बोट होती, त्यामुळे हात आधी बोटीच्या इंजिनांवरच बसला. पुढे भाईंदर पूर्वेला गाळा घेऊन तो टर्बो लावलेल्या गाड्यांची इंजिनं बांधू लागला. मी शाळेत पदार्थविज्ञान शिकवायचो. एक दिवस हा माणूस काळ्या हातांनी थेट शिक्षकांच्या खोलीत आला आणि विचारू लागला, "मास्तर, लोखंडाचा बोल्ट आवळला तं किती लांबतो, ते सांगता का?" मुलांनी मला असा प्रश्न कधी विचारला नव्हता. मी खूश होऊन फळाच भरून टाकला. तेव्हापासून आमची मैत्री. खूप नंतर त्याने कारण सांगितलं. त्याच्या काकांच्या बोटीत भर समुद्रात कनेक्टिंग रॉडचा बोल्ट तुटला, रॉड इंजिनाचं पोट फोडून बाहेर आला आणि काका घरी आलेच नाहीत. "मना भ्या वाटतं मास्तर. दर टायमाला वाटतं," तो म्हणाला होता. अख्खं भाईंदर ज्याला वाघ म्हणायचं, तो मनातून असा घाबरट होता, आणि मला तो त्यासाठीच आवडायचा.

केतकीला शर्यतीच्या ट्रॅकवर गाडी पळवायचा नाद. (हा नाद आमच्या घराण्यात कुणाला नव्हता, बायको मात्र माझ्याकडे बोट दाखवते.) ती मोबाइलवर भली मोठी यादी घेऊन पास्कूकडे गेली, मोठा टर्बो हवा म्हणून. त्याने यादी पाहिलीसुद्धा नाही. "वरचं मागून बघू पोरी. आत काय हाय ते आधी बोल." मग त्याने तिला समजावलं : टर्बो जास्त हवा कोंबतो, तितका स्फोट मोठा, आणि तो सगळा मार पिस्टन खातो, रॉड खातो. ओतीव पिस्टन तडकतात, म्हणून घडीव घ्यायचे. ते तापून जास्त फुगतात, म्हणून जरा सैल बसवायचे. सकाळी थोडे खडखडतील, घाबरायचं नाही. केतकीला पिस्टन घडीव हवे होते, रॉड मात्र कंपनीचेच चालतील म्हणत होती. पास्कूने कंपनीचा आणि घडीव, दोन्ही रॉड तिच्या हातात दिले. "पिस्टन फुटला तं गाडी थांबंल. रॉड तुटला तं ब्लॉक फोडून भायेर येल, तेल चाकाखाली जाईल. तवा तू कुठं आसशील?" रॉड घडीव आले, बोल्टही सगळ्यात मजबूत.

त्याच्या महिन्याच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, आम्ही उत्तनला गेलो. जेवण झाल्यावर रेजिना मला मागच्या दारी घेऊन गेली. पास्कूच्या डोक्यात गाठ होती. चार महिन्यांपासून त्याला ठाऊक होतं, आणि कुणाला सांगायचं नाही म्हणून त्याने तिला शपथ घातली होती. "एक दिस मनाच इचारलं, बाई तू कोन?" ती सांगत होती, आणि मला पुढचं काही ऐकूच येईना. पुढच्या रविवारी केतकी ट्रॅकवर जाणार होती.

घरी येऊन मी म्हटलं, इंजिन उघडूया. केतकी भडकली. "पास्कूकाकांनी स्वतःच्या हातांनी बंद केलंय बाबा. त्यांच्यावर शंका घेतोयस?" हो, घेत होतो. ज्याने मला शंका घ्यायला शिकवलं, त्याच्यावरच. दोन दिवस आम्ही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी केतकीच चावी पुढ्यात टाकून म्हणाली, "चल, बघून टाकू." गाडी वर चढवली, तेल काढलं, खालचं तेलाचं चेंबर उतरवलं. केतकी टॉर्च धरून, इंजिन फिरवत एकेक रॉड बघत होती. सात बोल्ट कोरे. आठव्यावर लाल ठिपका. पास्कूची पद्धत अशी, की जुळणी करताना मापासाठी एकदा आवळलेला बोल्ट ताणला जातो, म्हणून त्यावर रेजिनाच्या नेलपॉलिशचा ठिपका लावून तो बाद करायचा. बाद केलेला तो बोल्ट आत बसला होता. त्याला ठिपका दिसला नाही, की दिसला आणि त्याचा अर्थच आठवला नाही... केतकी गाडीखालीच बसून रडली.

त्या चार महिन्यांत त्याने पाच इंजिनं बंद केली होती. इतर चार मालकांना सांगायचं म्हणजे गेलेल्या माणसाचं नाव मीच मातीत घालायचं. मी रेजिनाला विचारायला गेलो आणि ठिपक्याचा बोल्ट तिच्यासमोर ठेवला. तिनेच गिऱ्हाइकांचे नंबर लिहिलेली पास्कूची वही आणून दिली. "फोन लावा मास्तर. त्याचा जीव ह्यासाठीच घाबरायचा." तीन मालकांनी इंजिनं उघडली. एकात आणखी एक ठिपका निघाला.

पाचवी गाडी मालकाने विकून टाकली आहे. दलालामार्फत कुठे गेली, कुणालाच माहीत नाही. म्हणून हे पुरवणीत लिहितोय. रुपेरी, छोटी, टर्बो लावलेली गाडी तुम्ही अलीकडे घेतली असेल आणि विकणाऱ्याने मोठ्या ऐटीत सांगितलं असेल, की इंजिन भाईंदरच्या पास्कूच्या हातचं आहे, तर तो खरं बोलला. त्याच्याइतकं नीट इंजिन बांधणारा मी पाहिला नाही. तरीही हात जोडून सांगतो, गाडी सुरू करू नका. आधी चेंबर उतरवून बघा.