पाथची ओळ
स्पिरिटचा वास आला की मला ठाण्यातली ती रक्त तपासायची लॅब आठवते. नव्वदच्या दशकात मी डोंबिवलीहून तिथे कॉम्प्युटर सांभाळायला जायचे. एका सकाळी नवा प्रोग्रॅम मशीनला सापडावा म्हणून मी युनिक्स या सिस्टिमच्या, लॉगिन करताना वाचल्या जाणाऱ्या प्रोफाइल फाइलमधला पाथ बदलला, म्हणजे कमांड कुठे कुठे शोधायची त्या जागांची यादी. नवी जागा लिहिली, पण जुन्या जागा ठेवायला विसरले. पुन्हा लॉगिन केलं, तर जी कमांड द्यावी तिला एकच उत्तर, ‘नॉट फाउंड’. डिस्कवर सगळं जागच्या जागी होतं, मशीनला मात्र काहीच सापडत नव्हतं. समोरच्या बाकावर ठाण्याच्याच चेंदणी कोळीवाड्यातली एक कोळीण बसली होती. नवऱ्याचं ऑपरेशन त्याच्या रिपोर्टवर अडलेलं. “झाला का गो पोरी?” ती थोड्या थोड्या वेळाने विचारायची. “मशीन बिघडलंय, मावशी,” मी म्हणायचे. माझ्या हातून बिघडलंय, एवढं म्हणवेना. मशीन बसवून देणारे सर दुपारी कल्याणहून आले. मशीनला शोधावंच लागू नये म्हणून कमांडचा डिस्कवरचा पूर्ण पत्ता टाइप करून त्यांनी ती फाइल उघडली आणि जुनी यादी परत जोडली. “अगं, एवढंच तर होतं!” रिपोर्ट छापून निघाला. मावशीने माझ्या गालावरून हात फिरवला. “तुज्यामुलं झाला गो बाय,” म्हणाली आणि धावतच गेली. ऑपरेशन त्या दिवशी झालं का, हे पुढे विचारायचं धाडस मला कधी झालं नाही, आणि आजही मला ते माहीत नाही.