डोंगराचे दोनशे पावसाळे

दुपारच्या उकाड्यात संगणकाच्या पंख्याची घरघर ऐकत बसावे आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी एकामागून एक वर सरकताना पाहाव्यात, यात मला विलक्षण शांतता लाभे. ना चित्र, ना रंग, ना बटणांची गर्दी! एक आज्ञा टंकायची, एंटर दाबायचे आणि हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसायचे. बिरवाडीतल्या माझ्या भाड्याच्या खोलीशेजारचे कामगार पहिली पाळी संपवून परतत, जिन्यावर चपला वाजत, कुणाकडे तरी कुकरची शिट्टी होई. आणि इथे माझ्या टेबलावर एक अख्खा डोंगर पावसात भिजत असे.

होय, डोंगरच. मी महाडच्या एका महाविद्यालयात स्थापत्यशास्त्र शिकवते. उमरठच्या वरच्या अंगाला सात घरांची एक वाडी आहे आणि तिच्या माथ्यावरचा उतार मोठ्या पावसात टिकेल का, हा प्रश्न मी आकड्यांत मांडला होता. मातीची जाडी, उताराचा कोन, पावसाचे मान, यांतले एकेक बदलत त्याच डोंगरावर दोनशे पावसाळे पाडून पाहायचे होते. प्रत्येक सिम्युलेशन, म्हणजे संगणकातला एकेक पावसाळा, हाताने सुरू करत बसले तर जन्म पुरायचा नाही. म्हणून सगळ्या आज्ञा एका फाइलीत ओळीने लिहायच्या आणि ती फाइल एकदाच चालवायची. एक संपले की पुढचे आपोआप सुरू होते. विधात्यालाही वर्षाकाठी एकच पावसाळा साधतो आणि माझ्याकडे दोन दिवसांत दोनशे! या सामर्थ्याचा थोडा मद चढतो, हे मी तुमच्यापाशी कबूल करते.

वाडीची निम्मी माणसे मुंबईला कामाला. ती मे महिन्यात येतात, म्हणून गावकीची बैठकही तेव्हाच भरते. त्या वर्षी बैठकीपुढे एकच प्रश्न होता: पावसाळ्यात घरे सोडून पायथ्याच्या बंद पडलेल्या शाळेत राहायला जायचे की नाही? गावकीचे वडीलधारे दगडूबाबा यांनी मला बोलावून घेतले. मी देवळापुढच्या ओट्यावर उभी राहिले आणि ठामपणे सांगितले, की सर्वांत मोठ्या पावसातही उतार टिकतो. सगळ्यांचे चेहरे उजळले. घरे सोडायची नाहीत असे ठरले, देवापुढे नारळ फुटला. गावकीत नारळ फुटला की पुन्हा सगळे जमेपर्यंत तो ठराव कुणी मोडत नाही. चार दिवसांत मुंबईची माणसे मुंबईला परतली.

अहवाल लिहायला घेतला तेव्हा मला दोन आकडे दिसले. सर्वांत हलक्या पावसाचे उत्तर आणि सर्वांत मोठ्या पावसाचे उत्तर शेवटच्या दशांशापर्यंत एकच होते. इतका सारखेपणा निसर्गात असतो का कुठे? मी मागचे सगळे तपासायला घेतले. मोठ्या पावसाचे सिम्युलेशन मध्येच बंद पडले होते. आधी मी हलक्या पावसावर एक चाचणी घेतली होती. तिचे उत्तर मोठ्या पावसाच्या उत्तरासाठी ठरवलेल्या नावानेच फोल्डरात राहून गेले होते, तेच मी मोठ्या पावसाचे म्हणून वाचले. यंत्राने काही लपवले नव्हते. बिघाडाची एक ओळ पडद्यावर उमटली होती. माझ्या डोळ्यांसमोरूनच ती वर सरकली असणार, आणि मी शांततेचा आस्वाद घेत बसले होते! फोल्डर रिकामा करून ते एकच सिम्युलेशन पुन्हा चालवले. उतार कोसळत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच वाडी गाठली. वाट चढताना मनात किती सबबी जुळवल्या, म्हणून सांगू! शास्त्रात शंभर टक्के काही नसते, गणित अंदाजच सांगते, असे काहीबाही. पण दगडूबाबा अंगणात कोयतीला धार लावत होते. त्यांनी मान वर केली आणि माझ्या साऱ्या सबबी गळून पडल्या. चूक माझी आहे, एवढेच मी म्हणाले, आणि मला रडू फुटले.

“नारळ फुटलाय गो बाय,” कोयतीची धार बघत ते बोलले. “मानसं मुंबईला गेली. आता सभा कशी भरवायची?”

मी म्हटले, “फोनवर भरवा.”

त्यांनी कोयती खाली ठेवली. संध्याकाळी देवळात मोबाइल देवापुढे ठेवून एकेका घराच्या मुंबईकराला विचारणे झाले. कुणी चिडले, कुणी माझ्या शिक्षणाचा उद्धार केला, आणि तो त्यांचा हक्कच होता. दुसरा नारळ फुटला. सात घरांची चूल शाळेत गेली. त्या वर्षी गणपतीही फळ्याखाली बसले. एका म्हाताऱ्या काकींनी तिथल्या ओलीने अंथरूण धरले आणि गुरे उघड्यावर भिजली. पाऊस खूप झाला. डोंगर मात्र कोसळला नाही.

दसऱ्याच्या सुमारास मी पुन्हा वाडीत गेले. माणसे घरी परतली होती, काकी उन्हात बसल्या होत्या. माणसे वाचली म्हणावे तर संकट आलेच नाही, आणि झालेला त्रास तर डोळ्यांपुढे होता. माझ्या दोनशे पावसाळ्यांत या एका खऱ्या पावसाळ्याला उत्तर नव्हते.

दगडूबाबा माझ्याबरोबर उताराखाली आले.

“डोंगर तर हाय तितंच,” ते म्हणाले. “मग तुजं पयलं खरं का दुसरं?”

“दुसरं, बाबा.”

ते शाळेच्या दिशेने वळून म्हणाले, “मग येत्या साली शाळंच्या मागं गुरांसाठी मांडव घालाय लागंल.”