वरच्या फळीवरची जड खोकी

ती घटना आठवली की आजही मला माझाच राग येतो, आणि तरी ते दिवस परत यावेत असंही वाटतं. ब्रह्मपुरी-नागभीड पट्ट्यात माझी नेमणूक होती. धानाच्या बांध्यांमधून जीपने हिंडायचं, ठाण्यात परतून काळा चहा घ्यायचा, स्टेशन डायरी लिहायची. सुखाची नोकरी होती.

तिथल्या एका कारखान्याच्या गोदामात ऑर्डर पिकर नावाचं, बॅटरीवर चालणारं यंत्र नवीनच आलं होतं. फोर्कलिफ्ट माल वर नेते, हे यंत्र माणसालाच वर नेतं. चालक कठड्यात उभा राहतो, चिठ्ठी बघत उंच फळीपर्यंत जातो आणि वस्तू हाताने काढतो किंवा ठेवतो.

त्या गोदामातले बेअरिंग भंगारात विकले जातात, अशी खबर आली. झडती घेतली, तर सर्वांत वरच्या फळीवरच्या बेअरिंगच्या खोक्यांत विटांचे तुकडे निघाले. भंगारवाला तोवर पसार झाला होता. वर जाणारा माणूस एकच, पिकरचा चालक. ब्रह्मपुरीच्या मुसलमान मेकॅनिक घराण्यातला, चाळिशीचा. कारखान्याने त्याला घरी बसवलं आणि मोहल्ल्यात तो चोर ठरला.

दोन दिवस ठाण्यात बसवून मी एकच धोशा लावला, माल कुठे विकला? तो मान खाली घालून नाही म्हणत राहिला. तिसऱ्या दिवशी कंटाळून चहा मागवला आणि सहज विचारलं, ते यंत्र चालवता तरी कसं? गडी एकदम खुलला. बटणं, ब्रेक, बॅटरी, सगळं हातवारे करून सांगू लागला.

"जड माल खालीच ठेवतेत, साहेब. वर हातानं उचला लागते, म्हणून वर हलकाच."

"मग बेअरिंग वर कसे गेले?"

"स्टोअरकीपरनं चिठ्ठी देली. मी म्हटलं, जड खोकं वर काऊन? तर म्हणे, लिहिलं तसं कर."

मी चहा तसाच ठेवून उठलो. चिठ्ठ्या जप्त केल्या. अक्षर स्टोअरकीपरचंच होतं. खालच्या फळ्यांवर रोज कोणाचा ना कोणाचा हात पडायचा. वरचं खोकं मात्र चिठ्ठीशिवाय हलत नसे, आणि चिठ्ठी काढणारा तोच. म्हणून खालीच माल काढून, विटा भरून त्याने ती खोकी वर पाठवली होती. चिठ्ठ्या समोर ठेवताच त्याचा धीर सुटला, आणि पंचांसमक्ष त्याने दाखवलेल्या जागेवरून माल मिळाला.

चालक कामावर रुजू झाला. पण तो मला म्हणाला, बायकोले माईत आहे, मोहल्ल्याले तुम्ही सांगा. मी भर दुपारी, गणवेशात, त्याच्या दारापुढे उभा राहून सगळ्यांना सांगितलं. त्याची बायको उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती.

"मंग दोन दिवस काऊन बसवून ठेवलं?" तिने विचारलं.

माझी मान खाली गेली. "बाई, चूक माझी. यांचं काम कसं चालतं, हे मी पहिल्या दिवशी विचारलंच नाही."

उरलेल्या सगळ्या नोकरीत, समोर बसवलेल्या माणसाला मी आधी तेच विचारलं.