पडणं माझं, जखम त्यांची

भिवराबाईला गप्प बसवणं तिच्या नवऱ्याला जन्मात जमलं नव्हतं, मग वकिलाला कुठून जमणार! आष्टी तालुक्यातल्या दगडवाडीत आधी तिचा आवाज यायचा आणि मागून ती. उभी हयात ऊसतोडीत गेली. डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढतानासुद्धा ती खालच्या बाईला कालची अर्धी राहिलेली गोष्ट पुरी करून सांगायची. पुढे नवरा गेला, गुडघे गेले, साखरेची गोळी सुरू झाली, पण बोलणं आणि हसणं जागच्या जागी राहिलं.

मुलगा उत्तरेश्वर आता टोळीचा मुकादम झाला होता. दिवाळी झाली की तो आणि त्याची बायको वनमाला कारखान्यावर जात आणि गाव निम्मं रिकामं होई. म्हाताऱ्या आईला थंडीत तिथल्या पाचटाच्या कोपीवर न्यायचं की कुलूप लावलेल्या आळीत एकटं ठेवायचं, हा घोर त्याला दरसाल लागे. त्या वर्षी त्याला बीडच्या बाहेर नव्यानं निघालेल्या वृद्धांच्या केंद्राची माहिती मिळाली. महिन्याची फी भरायची, ते जेवणखाण, औषधपाणी, सगळं बघणार. भिवराबाईनं कुरकुर केली नाही. उलट तिथल्या खाटेवर बसून बघितलं, पंखा लावून बघितला आणि म्हणाली, "जा रं बाबा बिनघोर. आयता चहा तर म्या माझ्या लग्नातबी पेले न्हाई."

पहिला महिना झकास गेला. शेजारच्या खाटेवरच्या चतुराबाईला तिनं जात्यावरची गाणी शिकवली, स्वयंपाकिणीला भाकरी पातळ कशी थापायची ते दाखवलं. मग एका संध्याकाळी केंद्राच्या दारावरून वरात निघाली. बँड असा दणदणीत की खिडकीच्या काचा वाजायला लागल्या. भिवराबाई काठी न घेताच उठली, पायात चादर अडकली आणि ती आडवी झाली. खुब्याचं हाड मोडलं.

ऑपरेशन चांगलं झालं. शहरातल्या सर्जननं दवाखान्यातून सोडताना बजावलं होतं की हिला दुसऱ्या दिवसापासून बसवा, वॉकर द्या, आणि पडून असेल तेव्हा दर दोन तासांनी कूस बदला. उत्तरेश्वर तेवढ्यापुरता येऊन गेला. केंद्राच्या लोकांनी "आम्ही आहोत ना" म्हटलं, म्हणून तो परत उसाच्या फडावर गेला. पण त्या लांबलचक खोलीत सगळ्यांना मिळून एकच बाई कामाला. ती म्हणायची, "आजी, हालू नका, आतली सळई निसटंल." भिवराबाईला ते खरं वाटलं. ती हालली नाही. पाठीखाली आधी आग झाली, मग ती आगही कळेनाशी झाली.

संक्रांतीला वनमाला तिळगूळ घेऊन आली. सासूला न्हाऊ घालावं म्हणून तिनं तिला कुशीवर वळवलं. माकडहाडावरची जखम वनमालाच्या तळहातानं झाकली जात नव्हती.

"आत्याबाई, तुमी सांगितलं कावून न्हाई?"

"मला काय माझी पाठ दिसती का गं?" भिवराबाई म्हणाली. त्या दिवशी मात्र ती हसली नाही.

नगरच्या दवाखान्यात महिनोन् महिने मलमपट्टी चालली. जखम हळूहळू भरली, आणि पोळ्याला भिवराबाई काठी टेकत बैलांना ओवाळायला ओट्यावर आली. बैलापुढं उभी राहून तिनं एवढ्या मोठ्यानं गाणं म्हटलं की बैलच दचकला. सगळी आळी हसली, वनमाला डोळे पुसत हसली.

केस करायची हे वनमालानं ठरवलं. आष्टीची करिष्मा नावाची तरुण वकील होती, तिच्याकडे ते गेले. केंद्रानं फी घेतली म्हणजे आजी त्यांची ग्राहक, तेव्हा बीडच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येईल असं तिनं सांगितलं. तिनं अर्ज तयार करून मोठ्यानं वाचून दाखवला. खाटेला कठडा नव्हता, म्हणून आजी पडल्या, असं वाक्य आलं तशी भिवराबाई मध्येच बोलली, "हे खोटं हाय."

"खोटं नाही आजी. कठडा नव्हताच ना?"

"कठडा आसता तर म्या त्याच्यावरून गेले आसते. वरात व्हती दारात! पडणं माझं हाय. जखम त्यांची."

"माय, वकीलबाईला त्यांचं काम करू दे की," उत्तरेश्वर म्हणाला.

"करू दे. पर पडलेलं माझ्या नावावर लिव्ह म्हनावं."

करिष्मानं ते ऐकून घेतलं आणि वाक्य तसंच ठेवलं.

केंद्राचं उत्तर आलं ते गुळगुळीत होतं. बाई वयस्कर, त्यात साखरेचा आजार; अशा माणसाला अंथरुणावर जखम व्हायचीच, कुणी कितीही काळजी घेतली तरी. आमची चूक झाली असं सांगणारा एकही तज्ज्ञ तक्रारदारानं आणलेला नाही, सबब तक्रार फेटाळावी.

"तज्ज्ञ मंजे?" भिवराबाईनं विचारलं.

"जाणकार डॉक्टर."

"पाठ माझी, दुखलं मला, अन् सांगनार तिसराच?"

करिष्माला हसू आलं. "दुखलं हे तुम्हीच सांगायचं, आजी. कशामुळं दुखलं, ते डॉक्टरनं. प्रत्येक केसला असा साक्षीदार लागतोच असं नाही. ऑपरेशन करताना पोटात कात्री राहिली, तर चूक कुणालाही दिसते. पण इथं ते म्हणतात आजारानं झालं, आपण म्हणतो हयगयीनं झालं. जखम दोन्हीकडून सारखीच दिसते. आयोगातली माणसं काही डॉक्टर नाहीत. त्यांना कुणीतरी फोड करून सांगायला हवं."

असा डॉक्टर मिळेना. एकाचा केंद्राच्या मालकाशी घरोबा, एकाला कोर्टकचेरी नको, एकानं नुसतं फोटो बघून "वाईट झालं" म्हटलं आणि लेखी द्यायची वेळ आली तसा फोन उचलणं बंद केलं. शेवटी कुणीतरी धर्मापुरीच्या डॉक्टर मोहनरावांचं नाव सांगितलं. वैद्यकीय कॉलेजात सर्जरी शिकवून रिटायर झालेले, आता गावी सीताफळं लावून बसलेले, आणि तोंडाचे फटकळ.

जीप काढली. भिवराबाईनं हा प्रवास जत्रेसारखा केला. वडवणीचा बाजार लागला तर गाडी थांबवून वनमालाला हिरव्या बांगड्या भरल्या. धर्मापुरीत पोचल्यावर आधी जुन्या देवळाला जायचं म्हणून हटून बसली. तिथं भिंतीवरच्या दगडी बायका बघत काठी टेकत तिनं सगळी प्रदक्षिणा घातली. "ह्यांच्या कंबरा बग वनमाले," ती म्हणाली, "एवढ्या वरसाच्या म्हाताऱ्या, पर ह्यांना कुनी खाटंवर निजवलं न्हाई!" करिष्मा हसून हसून पायरीवर बसली.

डॉक्टर बनियनवर झाडांना पाणी देत होते. सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "मी कोर्टात जात नसतो."

"म्याबी जात नव्हते," भिवराबाई म्हणाली.

डॉक्टरांनी पाण्याची नळी खाली ठेवली. "आधी पाठ दाखवा. हो की नाही ते मग सांगतो."

त्यांनी वण तपासला, दवाखान्याचे कागद चष्मा वर-खाली करत दोनदा वाचले आणि म्हणाले, "लिहीन. पण मला दिसतंय ते लिहीन. तुमच्या सोयीचं निघेलच असं नाही."

"लिव्हा की. आमाला कुठं सोयीचं पायजे?" भिवराबाई म्हणाली. करिष्मानं मागून तिचा पदर ओढला.

अभिप्राय आला तेव्हा तो वाचून करिष्माचा चेहराच उतरला. डॉक्टरांनी लिहिलं होतं की बाई तोवर हिंडत्या-फिरत्या होत्या, त्यांच्या खाटेला कठडा नसणं यात मला चूक दिसत नाही. साखरेच्या आजारामुळं जखम भरायला उशीर लागला हेही खरं. पण ऑपरेशननंतर दवाखान्यातून निघताना पाठीची कातडी शाबूत असल्याची नोंद आहे. त्यानंतर एवढ्या थोड्या दिवसांत इतकी खोल जखम होते ती एका जागी सतत दाब राहिल्यानंच. कूस बदललेल्या माणसाच्या पाठीला नुसती साखर असं भोक पाडत नाही. सर्जननं सांगितलेली साधी काळजी घेतली असती तर ही जखम टळली असती.

"अर्धी केस गेली," करिष्मा म्हणाली.

भिवराबाई खूश. "बग, एवढ्या मोठ्या डाक्टरलाबी कळलं! म्या म्हनत नव्हते?"

आयोगानं केंद्राच्या वकिलाला डॉक्टरांची उलटतपासणी घ्यायला परवानगी दिली. त्या दिवशी डॉक्टर कडक इस्त्रीचा सदरा घालून आले. समोरचा वकील तयारीनं उभा राहिला. "म्हणजे पडण्यात केंद्राचा दोष नाही, हे तुम्हाला मान्य आहे?"

"मान्य आहे. लिहिलंच आहे मी."

वकिलानं हातातले कागद उलटसुलट केले. पुढचे प्रश्न त्यानं डॉक्टर नाही म्हणतील या हिशेबानं काढले होते. मग त्यानं साखरेचा मुद्दा घेतला. डॉक्टर म्हणाले, "साखर असलेल्या माणसाला जास्त वेळा वळवावं लागतं. आजार आहे म्हणून काळजी वाढते, कमी होत नाही." एवढं बोलून ते पाणी प्याले.

अध्यक्षबाईंनी भिवराबाईकडे बघून विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय?"

करिष्मानं डोळ्यांनी खुणावलं, पण उशीर झाला होता. भिवराबाई काठीवर उठली आणि वरातीपासून सुरुवात केली. बँडवाल्यांच्या लाल टोप्या, नवरदेवाची बुजलेली घोडी, चादरीत अडकलेला पाय. "पडले ती माझी हौस, बाईसाहेब. पर त्याच्यानंतर म्या त्यांच्या हातात व्हते. म्हनले हालू नका, तर म्या हालले न्हाई. मला काय ठावं, हालायचंच आसतं म्हून?"

घोडीपाशी सगळी खोली हसली; शेवटचं वाक्य अध्यक्षबाईंनी लिहून घेतलं.

निकाल काही महिन्यांनी लागला. तक्रार अंशतः मंजूर. पडण्याबद्दल केंद्राला दोष दिलेला नव्हता. जखमेबद्दल मात्र पुरता दिला होता. भरपाई द्यावी आणि पडून असलेल्यांसाठी शिकलेली परिचारिका ठेवावी, असा हुकूम होता. करिष्मानं निकालातली एक ओळ पुन्हा पुन्हा वाचली: या साक्षीदारानं ज्या बाजूनं त्याला आणलं तिच्याविरुद्ध जाणारं सत्यही सांगितलं आहे, त्यामुळे त्याच्या उरलेल्या म्हणण्यावर विश्वास ठेवण्यात आम्हाला अडचण वाटत नाही.

"आजी, अर्धी केस गेली म्हणत होते ना मी? त्या अर्धीनंच बाकीची वाचवली."

"मला काय कळतंय त्यातलं," भिवराबाई म्हणाली आणि उत्तरेश्वरला जिलेबी आणायला पिटाळलं. पहिली पुडी धर्मापुरीला पाठवायची असा तिचा हट्ट. डॉक्टरांनी फोन करून सांगितलं की गोड पोचलं, पण तुम्ही स्वतः किती खाल्लं ते खरं सांगा. तेव्हा ती आयुष्यात पहिल्यांदा थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "एकच कडं. लई मोठं व्हतं, एवढंच."

निकालानंतरच्या हंगामात उत्तरेश्वरनं आईला कुठं ठेवायचं हा विषय काढला, तेव्हा वनमालानं आधीच तजवीज करून ठेवली होती. गावातल्या मुकादमांना एकत्र बसवून तिनं समाजमंदिराची मोठी खोली मोकळी करून घेतली होती. मागं राहणारी सगळी म्हातारी माणसं तिथं एकत्र राहणार, गावातलीच छबुबाई रांधणार, आणि आरोग्य उपकेंद्रातली नर्स सकाळी फेरी मारणार. लकव्यानं पडून असलेल्या आप्पांची कूस कशी बदलायची, ते नर्सनं सगळ्यांना करून दाखवलं.

टोळी कारखान्यावर पोचली त्या दिवशी उत्तरेश्वरनं काळजीनं फोन लावला. पलीकडून आधी हसण्याचा गलका आला, मग कुणाचं तरी बेसूर गाणं, आणि मग आईचा आवाज.

"माय, बरी हायस ना?"

"बरी हाय. आत्ता नको बोलू, आप्पाची पाळी हाय गायची, अन् मधीच चुकतोय त्यो," भिवराबाई म्हणाली आणि तिनं फोन ठेवून दिला.